नाण्यांकडून पदकाकडे: १८९७ चं छोटं रौप्यपदक घेताना

ब्रिटिश इंडियाचे रुपये जमवणाऱ्याच्या हातात स्मृतिपदक आलं की तो सवयीने तीन गोष्टी शोधतो: साल, टांकसाळीची खूण आणि दर्शनी किंमत. पदकावर दर्शनी किंमत नसतेच, कारण ते चलन नव्हे. टांकसाळीची खूण बहुधा नसते. आणि साल असलं तरी ते पदक पाडल्याचंच असेल असं नाही. मी घेतलेल्या पहिल्या पदकावर दोन सालं आहेत, एका बाजूला १८३७ आणि दुसऱ्या बाजूला रोमन अंकांत १८९७. फक्त पहिलं साल वाचून ‘राज्यारोहणाचं पदक’ म्हणून ते विकायला ठेवलेलं दिसतं. तो फरक साठ वर्षांचा आहे.

पदक आहे व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचं, लंडनच्या रॉयल मिंटने काढलेलं अधिकृत. हे दोन आकारांत निघालं. मोठं साधारण ५५-५६ मिमी व्यासाचं, सोन्यात, चांदीत आणि कांशात. छोटं साडेपंचवीस-सव्वीस मिमीचं, सोन्यात आणि चांदीत. लोकांना विकण्यासाठीच पाडलेलं असल्याने इंग्लंडात ते आजही सहज मिळतं, आणि पहिल्या खरेदीला हेच हवं. दुर्मीळ वस्तूत चूक झाली तर ती महाग पडते. रोज कुठे ना कुठे विकल्या जाणाऱ्या वस्तूत दहा नग पाहून, नऊ नाकारून मग एक घेता येतो. चांगलं आणि वाईट यातला फरक डोळ्यांत बसतो तो त्या नाकारलेल्या नऊंमुळे.

हेच पदक का, याचं कारण मात्र पुण्यात आहे. पुढच्या बाजूवर २० जून ही तारीख कोरली आहे, राणी गादीवर आली तो दिवस. लंडनची मिरवणूक आणि साम्राज्यभरचे समारंभ झाले ते दोन दिवसांनी, २२ जून १८९७ ला. त्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसमधला समारंभ आटोपून निघालेल्या प्लेग अधिकारी रँडच्या बग्गीवर दामोदर हरी चापेकरांनी गोळी झाडली आणि मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चापेकरांच्या गोळीने जागीच गेला. रँड ३ जुलैला मेला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी दिलं. ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. माझ्या रुपयांच्या ट्रेमध्ये १८९७ सालाला जोडीदार हवा होता, तर तो हाच.

खरेदीला निघण्याआधी हे काय नाही ते पक्कं करून घ्यावं, कारण १८९७ मध्ये पदकांचा पूर आला होता. एक, फितीला लटकवून छातीवर लावायचं हीरक महोत्सव पदक. ते सन्मान म्हणून दिलेलं, त्याला वर कडी असते आणि ते युद्धपदकं जमवणाऱ्यांच्या बाजारात विकलं जातं. महापौरांसाठी त्याचाच चौकोनी, कोपऱ्यावर उभा केलेला प्रकार होता. दोन, गावोगावच्या नगरपालिकांनी शाळकरी पोरांना वाटलेली, भोक पाडलेली पदकं. ही पितळेची, कथलाच्या पांढऱ्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियम तेव्हा नुकतंच स्वस्त झालं होतं आणि त्याची नवलाई होती, त्यामुळे पिसासारखं हलकं पदक हातात आलं तर ते नकली समजून फेकू नका. मात्र चांदीचं समजून पैसेही मोजू नका. तीन, १८८७ च्या सुवर्ण महोत्सवाचं अधिकृत पदक, ते ७७ मिमीचं आणि वेगळ्याच कलाकारांचं. लिलावाच्या यादीत नुसतं ‘व्हिक्टोरिया ज्युबिली मेडल’ लिहिलेलं असेल तर या सगळ्यांपैकी काहीही निघू शकतं.

गोंधळ टाळायला सूचीचे क्रमांक वापरतात. ब्रिटिश पदकांसाठी दोन सूची सर्रास चालतात, लॉरेन्स ब्राउनची आणि ख्रिस्तोफर आयमरची. त्यांत हे पदक अनुक्रमे बीएचएम (ब्राउनच्या ‘ब्रिटिश हिस्टॉरिकल मेडल्स’चं लघुरूप) ३५०६ आणि आयमर १८१७. विक्रेत्याने वर्णनात हे दोन क्रमांक दिले असतील तर त्याने निदान पुस्तक उघडून पाहिलंय एवढं कळतं. दिले नसतील तर फोटोवरचे शब्द आपणच जुळवून पाहायचे.

आणि शब्द वाचण्यासारखे आहेत. पुढच्या बाजूला म्हातारी राणी, डोक्यावर छोटा मुकुट, त्यावरून मागे सोडलेला पदर. टॉमस ब्रॉक या शिल्पकाराच्या मुखवट्यावरून टांकसाळीचा कोरक्या जॉर्ज विल्यम द सोल्स याने ही बाजू बसवली. ब्रॉकचा हा मुखवटा इंग्लंडच्या नाण्यांवर १८९३ पासून आहे. आपल्या रुपयावर तो कधी आलाच नाही. आपल्याकडे १९०१ पर्यंत तीच मुकुटधारी, भरल्या गालांची, ऐन वयातली राणी चालू राहिली. रुपयेवाल्याला पदकावरची बाई अनोळखी वाटते ती यामुळे. भोवतालचा लॅटिन मजकूर: ‘विक्टोरिया आनुम रेग्नी सेक्साजेसिमुम फेलिकितेर क्लाउदित’, म्हणजे व्हिक्टोरिया आपल्या राज्याचं साठावं वर्ष सुखाने पूर्ण करत आहे. पुढे २० जून आणि रोमन साल. ‘उ’च्या जागी सगळीकडे ‘व्ही’ हे अक्षर आहे, ती जुनी रोमन पद्धत, चूक नव्हे.

मागे तरुण राणी, विल्यम वायनने राज्याच्या सुरुवातीला घडवलेल्या मुखवट्यावरून, खाली पानांची फांदी आणि १८३७. इथला मजकूर बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातला, सोळावी ओवी: ‘लोंगितुदो दिएरुम इन देक्स्तेरा एयुस एत इन सिनिस्त्रा ग्लोरिया’. तिच्या उजव्या हाती दीर्घायुष्य आणि डाव्या हाती कीर्ती. मूळ लॅटिन ओवीत डाव्या हाती दोन गोष्टी आहेत, संपत्ती आणि कीर्ती. पदकावरून संपत्ती गाळली आहे. जागा कमी पडली असेल. पण ज्या साली आपल्याकडे दुष्काळ आणि प्लेग एकत्र चालू होते त्या सालच्या पदकावरून नेमका तोच शब्द गळावा, हे भिंगाखाली वाचताना खटकल्याशिवाय राहत नाही.

आता पाहायचं कसं. नाणं झिजतं ते चलनात फिरून. पदक फिरत नाही, त्यामुळे त्याचे आजार वेगळे. नाणं ठशाच्या एकाच दाबात पडतं. उंच उठावाच्या पदकाला अनेकदा दाब द्यावे लागतात आणि मधेमधे धातू तापवून मऊ करावा लागतो, म्हणून चेहऱ्याचा उठाव कडेच्याही वर येऊ शकतो. नाण्यात कड उंच असते आणि चित्राचं रक्षण करते. पदक टेबलावर पालथं ठेवलं तर राणी गालावरच टेकते. खणात नुसतं सरकत राहिलं तरी गालाचं हाड, कपाळावरचे केस आणि पदराची घडी इथे बारीक, निस्तेज घासा उमटतो. आम्ही नाणेवाले त्याला लगेच ‘झीज’ म्हणून दर्जा खाली आणतो. पदकात तो घासा आणि मुद्दाम केलेलं पॉलिश यांत फरक करावा लागतो, कारण पहिल्याने किंमत थोडी पडते, दुसऱ्याने बरीच.

फरक असा दिसतो. दिवा एका बाजूला, खाली ठेवायचा. टेबललॅम्प वाकवला तरी चालतो. पदक कडेला दोन बोटांत धरून त्या प्रकाशात हळूहळू फिरवायचं. खणातला घासा फक्त उंच जागी असतो आणि त्याच्या रेघा वेड्यावाकड्या, आखूड असतात. पॉलिशच्या रेघा सपाट मैदानात, अक्षरांच्या मधल्या जागेत जातात आणि एकमेकींना समांतर किंवा गोलाकार असतात, कारण माणूस फडकं त्याच हालचालीने फिरवतो. आणखी एक खूण अक्षरांच्या मुळाशी. जुन्या चांदीवर चढलेला काळसर रंग अक्षराच्या कोपऱ्यात आणि मैदानावर एकमेकांत मिसळत जातो. मैदान लख्ख आणि कोपऱ्यात काळी रेघ अडकलेली, वर कुठे पांढरट पावडरीचा कण, म्हणजे कुणीतरी भांडी घासायच्या पावडरीने हात साफ केलेला आहे.

छोट्या रौप्यपदकाचा खास आजार म्हणजे डाख. सव्वीस मिमीचं, चांदीचं, राणीचा चेहरा असलेलं, मग त्याचा ब्रोच किंवा घड्याळाच्या साखळीचं लोलक करायला सोनार कितीसा वेळ घेणार? पुढे कुणीतरी कडी काढतो, जागा कानशीने घासतो आणि पदक पुन्हा ‘पदक’ म्हणून विकायला येतं. त्यामुळे कडेवर बारा वाजताच्या जागी, म्हणजे राणीच्या डोक्याच्या नेमक्या वर, दहापट भिंग लावून पाहायचं. या पदकाची कड साधी आहे, रुपयासारखे दाते नाहीत. त्यामुळे कानशीची रेघ, सपाट झालेला तुकडा किंवा भोवतीपेक्षा निराळ्या पांढऱ्या रंगाचा ठिपका लपत नाही. ब्रोचची पिन मागच्या बाजूला लावलेली असते, म्हणून तरुण राणीभोवतीच्या मैदानात दोन समोरासमोरच्या जागीही डाख शोधायचा. लिलावाच्या फोटोत कड कधीच दिसत नाही. ती मागायची. ‘कडेचा, बारा वाजताच्या जागेचा फोटो पाठवाल का’ एवढंच लिहिलं तरी बरीच लिलावघरं लगेच पाठवतात. न पाठवणाऱ्याकडे बोली लावू नये.

प्रत्यक्ष पाहणीला जाता येत असेल तर जावंच. तिथे पदकं मऊ अस्तराच्या ट्रेवर येतात, त्या ट्रेच्या वरच धरून पाहायची, कारण हातून पडली तर अस्तरावर पडतील. मोठं पदक चांदीचं असेल तर ८० ग्रॅमहून जड असतं आणि ते फरशीवर एकदा पडलं की कडेला चेपतंच. यादीत ‘एज नॉक’ किंवा ‘एज ब्रूझ’ लिहितात ते हे. मोठ्या पदकांत एक-दोन बारीक चेप जवळपास गृहीत धरावे लागतात. छोट्यात ते असायचं कारण नाही आणि असतील तर दुसरं पाहावं. कांशाच्या मोठ्या पदकावर टांकसाळीनेच रासायनिक प्रक्रियेने तपकिरी रंग चढवलेला असतो. तो रंग एकदा घासून गेला की गेला, खालून तांबूस धातू उघडा पडतो आणि पुन्हा तसाच रंग कुणी आणून देत नाही. म्हणूनच पहिल्या खरेदीला मी कांस्य टाळलं. कलाकृती म्हणून तेच जास्त देखणं आहे, पण त्याची पारख करायला डोळा लागतो, तो आधी कमवावा.

डबीचा विषय लोक उगीच हलक्यात घेतात. यादीत ‘केस ऑफ इश्यू’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पदकासोबतची मूळ डबी, आणि तिच्यामुळे भाव वाढतो. पण डब्या अदलाबदल होतात. साधी तपासणी म्हणजे पदक खाचेत ठेवून डबी कानाशी हलकेच हलवायची. मूळ खाच पदकाला घट्ट बसते. एक-दीड मिमी मोकळी असेल आणि पदक खुळखुळत असेल तर डबी दुसऱ्या कशाची तरी आहे. दुसरी खूण रंगाची. वर्षानुवर्षं त्याच डबीत राहिलेल्या चांदीला डबीकडच्या बाजूने एक रंग आणि झाकणाकडच्या बाजूने दुसरा रंग चढतो. दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत आणि डबी मात्र जीर्ण, असं जोडपं दिसलं की शंका घ्यावी. बिजागरी फाटलेली, अस्तर सुटलेलं असेल तर डिंक लावून दुरुस्त करत बसू नये.

एका यादीत चार-पाच पदकं एकत्र ठेवलेली असतात आणि वर्णनाच्या शेवटी ‘परत घेतली जाणार नाहीत’ या अर्थाचा शब्दप्रयोग असतो. तो इंग्लंडातला सर्वसाधारण रिवाज आहे. एकट्या पदकाचं वर्णन चुकलं तर परतफेडीला जागा असते, गठ्ठ्याला नाही. गठ्ठ्यात स्वस्त पडतं म्हणून नवखे तिकडे वळतात आणि हवं ते एक आणि नको ती चार घेऊन घरी येतात.

बोलीचं गणित कागदावर मांडूनच बसावं, कारण हातोडा पडतो ती किंमत तुम्ही देता ती नव्हे. उदाहरण म्हणून हातोड्याची किंमत ४० पौंड धरू. लिलावघराचं खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन २० टक्के म्हणजे ८ पौंड. काही घरं २४-२५ टक्केही घेतात, नियम वाचावेत. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, १ पौंड ६० पेन्स. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून बोली लावली तर त्यांचे समजा ३ टक्के, १ पौंड २० पेन्स, आणि त्यावर व्हॅट २४ पेन्स. विमा असलेलं टपाल आणि बांधणी १२ पौंड. बेरीज ६३ पौंड ४ पेन्स. चाळिसाला घेतलेलं पदक त्रेसष्टला पडलं. म्हणून उलट हिशेब करायचा. मला सगळं मिळून ६० च्या वर जायचं नसेल तर माझी कमाल बोली ३७ च्या आसपास, आणि बोली ठरलेल्या पायऱ्यांनीच चढत असल्याने प्रत्यक्षात ३६; ३८ ला एकूण साठच्या थोडं वर जातं. लिलावघराकडे थेट लेखी बोली ठेवली तर संकेतस्थळाचे पैसे वाचतात, आणि दोन लेखी बोली सारख्याच असल्या तर सहसा आधी आलेली धरतात. लवकर पाठवायला त्यामुळे अर्थ आहे.

थेट बोलीच्या वेळी चूक होते ती एकच. समोरचा चढतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय असं वाटतं आणि आपण आणखी दोन पायऱ्या चढतो. या पदकाच्या बाबतीत तरी त्याला काही दिसलेलं नसतं. पुढच्या महिन्यात दुसरं येईल. मी दोनदा कमाल बोलीवर थांबून हरलो आणि तिसऱ्यांदा त्याच आकड्याला, आधीच्या दोन्हींपेक्षा चांगल्या रंगाचं पदक मिळालं.

पाकीट आल्यावर ते उघडण्याआधीच बाहेरून फोटो काढायचा, मग उघडताना. टपालात डबीचं झाकण फुटलं तर दाव्याला हेच लागतं. मग वजन. शंभरांश ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. छोट्या रौप्यपदकाचं वजन साधारण साडेबारा ग्रॅमच्या आसपास भरतं. रुपयाशी तुलना केली की गंमत कळते. रुपया ३०.५ मिमी रुंद आणि ११.६६ ग्रॅम. पदक त्याच्यापेक्षा चांगलं पाच मिमीने अरुंद, तरी जड. हाताला पदक गुबगुबीत लागतं ते त्या जाडीमुळे. याचा एक तोटा असा की रुपयांसाठीच्या नेहमीच्या खिडकीवाल्या पुठ्ठ्यात ते बसत नाही, स्टेपल मारताना प्लास्टिक ताणून फाटतं.

अशा पदकावर चांदीच्या शुद्धतेचा शिक्का नसतो, म्हणून घनता काढून पाहावी. पद्धत घरगुती आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करायचा. पदकाला बारीक नायलॉनचा दोरा फासासारखा अडकवून ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा वाटीला टेकणार नाही असं लटकत धरायचं. काटा जो आकडा दाखवेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच पदकाचं घनफळ. माझ्या पदकाचं कोरडं वजन १२.६४ आणि पाण्यातला आकडा १.२२. भागाकार १०.३६. चांदी-तांब्याच्या स्टर्लिंग मिश्रणाची घनता १०.३६ च्या जवळ, शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९, कथलाच्या पांढऱ्या धातूची ७.३ च्या आगेमागे. पण आकडा इतका तंतोतंत जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. काटा १.२१ दाखवता तर उत्तर १०.४५ आलं असतं आणि १.२३ दाखवता तर १०.२८. म्हणजे एवढ्याशा वस्तूवर ही चाचणी ‘चांदी आहे, मुलामा दिलेलं तांबं नाही’ एवढंच सांगते, चांदी किती टंचाची ते नाही. सोन्याचं म्हणून मुलामा दिलेलं चांदीचं पदक कुणी विकत असेल तर मात्र तिथल्या तिथे उघडं पडतं, कारण बावीस कॅरेट सोन्याची घनता १७ च्या वर असते.

ही चाचणी चुकते ती बुडबुड्यांमुळे. अक्षरांच्या आणि केसांच्या खाचांत हवा अडकली की घनफळ जास्त दिसतं आणि घनता कमी येते. पहिल्या खेपेला माझा आकडा साडेनऊच्या जवळ आला तो यानेच. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाकला, पदक एकदा वरखाली केलं, की बुडबुडे सुटतात. नंतर डिस्टिल्ड पाण्यात खळबळून मऊ सुती कापडावर टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. पांढऱ्या धातूचं किंवा कांशाचं पदक मात्र या आंघोळीतून सोडून द्यावं.

चुंबकाची युक्तीही सांगतात. चांदीच्या उतरत्या पाटावरून निओडिमियम चुंबक हळू घसरतो, हे खरं. पण पदकावर उठाव एवढा असतो की चुंबक राणीच्या नाकालाच अडकतो, आणि वर ओरखडा पडतो तो वेगळा.

साफ करायचं का? नाही. चिंच, राख, टूथपेस्ट, सोनाराचं ‘डिप’ यातलं काहीही नाही. डिपमध्ये चांदीचा काळा थर विरघळतो आणि सोबत पृष्ठभागाचा अगदी पातळ पापुद्राही जातो. पदक पांढरंफटक होतं आणि मूळची झळाळी मरते. प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, उघड्या खिडकीशी, काही मिनिटं बुडवलं तरी चांदीला धोका नाही. नखांच्या रंगासाठीचं द्रव त्यासाठी चालत नाही, त्यात तेल आणि वास मिसळलेला असतो. कांस्य पदकांवर कधी कधी लाखेचा पारदर्शक हात असतो, तो ॲसिटोनने विरघळतो, तेव्हा तिथे हा उपायही बंद.

साठवणीत माझा एक निर्णय जुन्या मंडळींना पटत नाही. मी पदक डबीत ठेवत नाही. डबी वेगळी, पदक वेगळं, दोघांना एकच क्रमांक. जुन्या डबीतलं चामडं, सरस आणि रंगवलेलं अस्तर यांतून आम्ल आणि गंधक सुटत राहतं, चांदी काळी पडते ती त्यानेच. पदक कडक पारदर्शक कॅप्सूलमध्ये, पीव्हीसी नसलेल्या. कॅप्सूल व्यासापेक्षा अर्धा मिमी मोठी घ्यायची आणि आतली जाडी मोजून घ्यायची, कारण नाण्यांच्या कॅप्सूल या पदकासाठी उथळ पडतात आणि झाकण थेट राणीच्या गालावर टेकतं. रबरबँड, लोकरी फेल्ट आणि ओकच्या लाकडाचे खण जवळ नकोत. रबर आणि लोकर गंधक सोडतात. ओक ॲसेटिक आम्ल सोडतं, जे शिसं मिसळलेल्या पांढऱ्या धातूला पांढरी भुकटी होईपर्यंत खातं. मुंबई-कोकणच्या हवेत सिलिका जेलची पुडी लागतेच, आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी तापवून सुकवावीही लागते. नुसती ठेवून दिलेली पुडी पहिल्या पावसाळ्यातच भरून जाते.

कार्डावर मी लिहिलं: सूची क्रमांक, धातू, व्यास, कोरडं वजन, घनता, कडेची अवस्था, लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक, हातोड्याची किंमत आणि एकूण खर्च. पाकिटात आधीच्या मालकाचं पिवळं पडलेलं हस्तलिखित चिठोरं होतं, तेही सोबत ठेवलं. अशी चिठोरी फेकून देतात आणि पदकाचा मागचा प्रवास तिथेच तुटतो.

शेवटची बाब परदेशी राहणाऱ्यांसाठी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं किंवा अशी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १८९७ चं पदक ही रेषा केव्हाच ओलांडून गेलं आहे. सुट्टीत मित्रांना दाखवायला म्हणून पुण्याला नेलं तर परत येताना विमानतळावर ते अडू शकतं. त्यामुळे माझं पदक सध्या इथे, परदेशातच आहे, आणि पुण्याला जातात ते त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो.